कृपा, श्रद्धा आणि चर्चची चौकट



ख्रिस्ती धर्माविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते ती बहुतांशी मिशन, शाळा, दवाखाने आणि धर्मांतर या चार शब्दांभोवती फिरते. हे चारही विषय महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर आजवर पुष्कळ बोलले व लिहिले गेले आहे. परंतु ज्या शब्दावाचून श्रद्धावान ख्रिस्ती माणसाचे अंतरंग उलगडत नाही, तो शब्द या चारांत नाही. तो शब्द आहे ‘कृपा’. एखाद्या समाजाच्या संस्था ठाऊक असाव्यात, त्यांच्या जमीनजुमल्याची मोजदाद ठाऊक असावी आणि त्या समाजाचा माणूस एकांतात कशासाठी हात जोडतो एवढेच नेमके ठाऊक नसावे, ही अभ्यासातील मोठीच उणीव होय. म्हणून आजचे विवेचन त्या शब्दापासून सुरू होते. कृपा आणि तिचे वाटप करणारी संस्था यांचे नाते कसे असते, हे पाहण्यासाठी युरोपात फार काळ रेंगाळण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील दोन माणसांची आयुष्ये त्यासाठी पुरेशी आहेत : पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक.

प्रथम सिद्धांत पाहू. ख्रिस्ती मत थोडक्यात असे की, मनुष्य पापाने इतका जखडला गेला आहे की स्वतःच्या पुण्याईने, व्रताने वा दानधर्माने त्याची सुटका होणे शक्य नाही. ती सुटका ईश्वर करतो आणि करताना माणसाची लायकी पाहत नाही. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा हाच गाभा. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाच्या तपस्व्याने प्रतिपादन केले की, माणसाने मनावर घेतले तर सदाचरण त्याच्या आवाक्यात आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो नगराचे बिशप ऑगस्टीन यांनी या मताचा आयुष्याच्या अखेरपर्यंत प्रतिवाद केला, आणि पश्चिमेकडील चर्चने त्यांचाच पक्ष उचलून धरला.

हिंदू श्रोत्याला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. रामानुजाचार्यांच्या पश्चात त्यांच्या परंपरेत हाच प्रश्न उभा राहिला. वानरीचे पिलू आईला स्वतः घट्ट बिलगते, मांजरीच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते. मग भगवंतापाशी जीवाचे नाते यांपैकी कोणते? वडकलै आणि तेंकलै अशा दोन शाखा त्यातून झाल्या. जर्मन अभ्यासक रुडॉल्फ ओटो यांना हे साम्य इतके महत्त्वाचे वाटले की, १९३० साली त्यांनी भारतातील कृपाधर्म आणि ख्रिस्ती धर्म यांच्या तुलनेवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. जाता जाता हेही सांगितले पाहिजे की, या दोन शाखांचे कपाळावरील नाम वेगळे झाले आणि पुढे देवळातील मानापानावरून कज्जेही न्यायालयात गेले. श्रद्धेभोवती संस्था उभी राहिली की असे घडते. ते केवळ एका धर्माचे वैशिष्ट्य नव्हे.

आता खरी अडचण. कृपा जर विनामूल्य आहे तर ती माणसापर्यंत पोहोचते कशी? कॅथलिक परंपरेचे उत्तर असे की, ख्रिस्ताने स्थापिलेल्या सात संस्कारांच्या द्वारा ती पोहोचते आणि हे संस्कार चर्चच्या स्वाधीन आहेत. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत असा प्रश्न निघाला की, रोमन छळाच्या काळात ज्यांनी कच खाल्ली अशा धर्मगुरूंच्या हातचे संस्कार खरे मानावेत काय? डोनाटस याचे अनुयायी म्हणाले, मानू नयेत. ऑगस्टीन म्हणाले, मानावेत. कारण देणारा ख्रिस्त आहे, पाद्री केवळ हात आहे. या निर्णयात सामान्य भाविकाविषयीची मोठी करुणा आहे. आपला गुरू शुद्ध आहे की नाही याची चौकशी करीत बसण्याची त्याला गरज उरली नाही. परंतु याच निर्णयाने संस्था ही माणसांच्या चारित्र्याहून वरच्या पायरीवर गेली, आणि पुढील सहस्र वर्षांत त्या पायरीचा उपयोग सर्वांनीच साधुत्वाने केला असे इतिहास म्हणत नाही.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर यांनी विटेनबर्ग येथे पंचाण्णव सूत्रे मांडली त्यामागील प्रकरण सर्वश्रुत आहे. रोममधील सेंट पीटर्सच्या उभारणीसाठी पैसा हवा होता आणि पापदंडातून सूट देणारी पत्रे जर्मनीत विकली जात होती. ल्यूथर यांचा संताप पैशापुरता नव्हता. जे फुकट मिळते त्याची पावती फाडली जात आहे, हा त्यांचा मूळ आक्षेप होता. त्यांनी कृपा बाजारातून सोडवली खरी; पण त्यांचे चर्च लवकरच जर्मन राजेरजवाड्यांच्या आश्रयाला गेले. इंग्लंडात तर १५३४ साली राजाच चर्चचा प्रमुख झाला. कॅथलिक चर्च आणि ल्यूथर-पंथीयांचा जागतिक संघ यांनी कृपेच्या सिद्धांतावर संयुक्त निवेदनाची सही केली ती १९९९ साली, पुन्हा ३१ ऑक्टोबरलाच. पावणेपाचशेहून अधिक वर्षे लागली.

इंग्लंडच्या राजसत्तेशी जोडलेल्या त्या चर्चच्या दारात १८८३ साली एक पंचवीस वर्षांची मराठी विधवा आपल्या लहान मुलीला घेऊन उभी राहिली. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या. तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत हे कुटुंब हिंदुस्थानभर फिरले आणि दक्षिणेतील दुष्काळात आई-वडील उपासमारीने गेले. उरलेल्या भावंडांनी पायी भटकंती केली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुण मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, पण दोन वर्षांत तेही गेले. पुण्यात आर्य महिला समाज स्थापन करून रमाबाई इंग्लंडला निघाल्या त्या वैद्यकाचे शिक्षण घेण्याच्या हेतूने. धर्म बदलण्याचा त्यांचा विचार नव्हता.

तेथे काय घडले ते त्यांनी स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवले आहे. वाँटेज येथील धर्मभगिनींनी त्यांना लंडनजवळच्या फुलहॅम येथील आपली शाखा दाखवली. समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रिया तेथे राहत होत्या, सावरत होत्या, आणि स्वतः सावरलेल्या त्यांच्यापैकी काही इतरांची शुश्रूषा करीत होत्या. हे कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना विहिरीकाठच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. रमाबाईंनी या अनुभवाची आपल्या समाजाशी जी तुलना केली आहे ती हिंदू वाचकाला बोचते. बोचावी म्हणूनच ती केलेली आहे, आणि त्या काळातील विधवांची स्थिती ज्याने वाचली आहे त्याला ती झटकून टाकता येणार नाही. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. कृपा या शब्दाचा पहिला अर्थ रमाबाईंना ग्रंथातून कळला नाही. तो एका संस्थेच्या कामातून कळला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आणि त्यानंतर लगेच कुरबूर सुरू झाली. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता. रमाबाई त्यांना प्रेमाने ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंची अपेक्षा अशी की, नवदीक्षित मुलीने चर्चची शिकवण जशीच्या तशी स्वीकारावी. रमाबाई विचारू लागल्या की, त्र्यैक्याचा सिद्धांत बायबलात नेमका कोठे सांगितला आहे? जो हे मत अक्षरशः मानत नाही तो कायमचा नाश पावतो, असे बजावणारा अथनेशियन मतांगीकार त्यांनी म्हणण्याचे नाकारले. क्रूसावर लॅटिन अक्षरेच कशाला हवीत, संस्कृत भाषेत काय कमी आहे, हाही वाद झाला. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात असताना पुरुष विद्यार्थ्यांना हिंदी भाषा शिकवण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवले तर तिची हिंदुस्थानातील प्रतिष्ठा जाईल, असे त्यांचे म्हणणे. जिने कलकत्त्याच्या पंडितसभेत भाषण केले होते, तिला तिच्याच देशाची रीत परदेशी बिशप समजावीत होते! एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, ती लगेच दुसऱ्या तशाच जोखडाखाली घालण्याची आपली तयारी नाही, अशा आशयाचे उत्तर रमाबाईंनी आजीबाईंना लिहिले.

या पत्रव्यवहाराचे श्रेय मात्र सिस्टर जेराल्डिन यांनाच द्यावे लागते. आपल्याला न मानवणारी पत्रे त्यांनी जपून ठेवली, संकलित केली, आणि ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. ज्यांना एकोणिसाव्या शतकातील मराठी स्त्रीची तर्कशक्ती पाहावयाची आहे त्यांनी तो ग्रंथ अवश्य वाचावा.

हिंदुस्थानात परतल्यावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. अमेरिकेतील मित्रांच्या पैशावर चालणाऱ्या या सदनाचे अभिवचन होते की, येथे धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळली जाईल. त्या विश्वासावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळात आले. परंतु मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला बसू लागल्या, पुण्यात गदारोळ झाला आणि १८९३ मध्ये या मंडळींनी राजीनामे दिले. रमाबाईंची बाजू अशी की, त्यांनी कोणास बोलावले नव्हते, केवळ खोलीचे दार बंद केले नव्हते. पालकांची बाजू अशी की, आश्रित मुलीच्या बाबतीत उघडे दारही निमंत्रणच ठरते. दुसरी बाजू अधिक वजनदार आहे, कारण अभिवचन रमाबाईंच्या संस्थेने दिले होते, मुलींनी नव्हे.

त्याच सुमारास, १८९१ च्या आसपास, रमाबाईंच्या आत एक बदल झाला होता. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ दीक्षा घेऊन, चर्चमध्ये अधिकारपद भोगूनही वर्षानुवर्षे आतून कोरडा होता. ते वाचून रमाबाईंना जाणवले की, आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळायचा राहिला. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी ज्याला त्या कृपा म्हणतात ती त्यांना मिळाली, तीही कोणत्याही चर्चच्या हातून नव्हे.

पुढचे काम केडगावचे. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरील ही ओसाड जमीन त्यांनी शेतीसाठी घेतली होती. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः फिरल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यापूर्वी वीस वर्षांनी याच देशात एका दुष्काळाने त्यांचे घर गिळले होते, हे विसरता येत नाही. १९०० च्या सुमारास ‘मुक्ती’मध्ये दोन हजारांच्या जवळपास मुली व स्त्रिया होत्या. त्यांना शेती, विणकाम, दुग्धालय, छापखान्यातील खिळे जुळवणे, असे नाना उद्योग शिकवले जात. अंध मुलींसाठी वेगळी शाळा होती. आणि एक इमारत समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी होती. तिचे नाव रमाबाईंनी ठेवले ‘कृपासदन’. फुलहॅमला जे पाहिले ते सोळा-सतरा वर्षांनी मराठी नाव घेऊन केडगावच्या माळावर उभे राहिले.

बोस्टनच्या साहाय्यक संस्थेशी केलेली दहा वर्षांची मुदत संपल्यावर, १८९८ पासून हे कार्य उघडपणे ख्रिस्ती झाले. दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याचा प्रकार संपला, हे सर्वांच्याच दृष्टीने बरे झाले. रमाबाईंनी मुक्तीला कोणत्याही एका चर्चपंथाला बांधले नाही. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे खेड्यातील बाईला कळेल अशा मराठीत भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते मुक्तीच्याच छापखान्यातून प्रसिद्ध झाले.

नारायण वामन टिळकांची वाट वेगळी. १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेला हा कोकणस्थ ब्राह्मण कवी, कीर्तनकार, हाडाचा भटक्या. राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. त्याने ‘नवा करार’ हाती ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना पकडले ते डोंगरावरील प्रवचनाने. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि तो गोऱ्या मिशनऱ्याकडून न घेता एका हिंदी पाळकाच्या हातून घेतला. ही निवड सहज केलेली नव्हती. पुढील सारे आयुष्य त्या निवडीचा विस्तार आहे.

या निर्णयाची खरी किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. चार-पाच वर्षे त्या नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना त्या दिवसांचे हाल आणि त्यातही न सुटलेला विनोद ठाऊक आहे. नंतर त्या नवऱ्याकडे गेल्या, पण सोवळे घेऊन गेल्या. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला आणि मग १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. कृपेवर विश्वास ठेवणारा माणूस घाई करीत नाही, याचे हे मराठी घरातील उदाहरण.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ पासून होते. टिळक तेथे शिकवीत, लिहीत. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे काही काळ राहून गेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे टिळक मानीत. म्हणून ख्रिस्ती उपासना वाद्यवृंद आणि इंग्रजी चालीच्या भाषांतरित गीतांवर चालावी हे त्यांना खपत नसे. त्यांनी अभंग रचले, टाळ-मृदंगावर कीर्तने केली. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांनी सुरू केले. ते अपुरे राहिले आणि पुढचा मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. या वाटेवर त्यांच्यापूर्वी तीनशे वर्षे एक पाऊल पडले होते. गोव्यात आलेले इंग्रज जेसुइट फादर स्टीफन्स यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये मराठीत छापले होते. परंतु १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोवेकरांना तीन वर्षांत मातृभाषा सोडण्याचा हुकूम काढला. श्रद्धेने जी भाषा सन्मानाने उचलली तीच सत्तेने अडुसष्ट वर्षांत अपराधी ठरवली. पुराणाच्या हस्तलिखित प्रती मात्र भाविकांनी राखल्या.

टिळकांच्या काळी असा हुकूम कोणी काढत नव्हते. अडचण अधिक सौम्य आणि म्हणून अधिक चिवट होती. पैसा बोस्टनहून येई, निर्णय मिशनऱ्यांच्या बैठकीत होई, हिंदी पाळक पगारी नोकर असे. मिशनरी वाईट होते असे मुळीच नव्हे. टिळकांना ज्यांनी वाट दाखवली ते जस्टिन अॅबट पुढे मराठी संतचरित्रांचे इंग्रजी अनुवादक म्हणून नावाजले. मायेने वागवणारा पालकही मुलाला मोठे होऊ देत नाही, हे दुखणे होते. मिशनऱ्यांनी आई-बापाची जागा सोडून भावंडे व्हावे, असा टिळकांचा आग्रह होता. हीच वेदना १९१० मध्ये एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत तमिळ भूमीतील व्ही. एस. अझरिया यांनी मांडली : तुम्ही पुष्कळ दिलेत, आता मैत्री द्या. दोन वर्षांनी ते अँग्लिकन चर्चचे पहिले हिंदी बिशप झाले. टिळकांनी दुसरा मार्ग धरला. १९१७ साली त्यांनी मिशनचा राजीनामा दिला आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

दरबारची कल्पना मोठी धाडसी होती. ख्रिस्ताला गुरू मानणारा कोणीही, बाप्तिस्मा घेतलेला वा न घेतलेला, येथे सभासद. आपले नाव, आपला समाज, आपले घर सोडण्याची अट नाही. ज्या बाप्तिस्म्याने स्वतः टिळकांचे घर काही वर्षे मोडले होते, त्यालाच त्यांनी उंबरठ्यावरून बाजूला केले. चर्चच्या दृष्टीने हे अवघड होते, कारण बाप्तिस्मा हीच चर्चची सभासद-नोंद. ती काढली तर चर्च कोठे सुरू होते आणि कोठे संपते हे सांगता येत नाही. हिंदू समाजाच्या दृष्टीनेही हे तितकेच अवघड होते, कारण धर्म न बदलता ख्रिस्ताचा शिष्य झालेल्या माणसाला पंक्तीला कोठे बसवावे हे पुण्या-साताऱ्यात कोणालाच ठाऊक नव्हते. दोन्हीकडून संशय आला. दरबाराला जमीन नव्हती, छापखाना नव्हता, वर्गणी नव्हती. टिळक होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक वारले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही.

रमाबाई आणि टिळक यांनी चर्चला विचारलेला प्रश्न एकच होता, पण शेवट दोन झाले. रमाबाईंनी चर्चचा अधिकार नाकारला आणि विहिरी खणल्या, शेत कसले, शिस्त लावली, हिशेब ठेवले. मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे. टिळकांनी अधिकाराबरोबर चौकटही नाकारली. यांतील कोण बरोबर, हे ठरवणे सोपे नाही. दुष्काळातील पोरीला कृपा हवी असते ती भाकरीच्या रूपाने, आणि रोज दोन हजार ताटे वाढायची तर कोठी लागते, कुलूप लागते, किल्ली सांभाळणारी बाई लागते. अभंगाला यांतले काहीच लागत नाही.

टिळकांनंतर त्यांचा विचार अगदीच निराधार झाला नाही. जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूने १९२२ मध्ये नगरलाच ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. खादी, शाकाहार आणि भारतीय रीतीची उपासना हे त्याचे स्वरूप होते. पुढे तो पुण्यात गेला. व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये हिंदुस्थानात आले ते याच संघातून, आणि नंतर चर्चशी मतभेद होऊन गोंडांमध्ये राहावयास गेले. टिळकांचे पहिले इंग्रजी चरित्र विन्स्लो यांनीच लिहिले. परक्या पैशाच्या व परक्या हुकमाच्या प्रश्नाला संस्थात्मक उत्तर मिळण्यास आणखी बराच काळ लागला. उत्तर भारतातील सहा चर्चपंथ एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले ते नागपुरात; टिळकांनी ज्या परंपरेतून राजीनामा दिला होता तीही त्यात सामील झाली.

त्या परंपरेच्या ‘उपासनासंगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचना मोठ्या संख्येने आहेत. ज्यांच्या चौकटीत ते मावले नाहीत त्यांनीच त्या छापल्या, चाली जपल्या आणि मुलांना पाठ करून दिल्या. महाराष्ट्रातील मराठी चर्चमध्ये दर रविवारी पेटी-तबल्यावर त्या गायल्या जातात.